आकाशातून सरकणारा तो ठिपका नेमका कोणाचा? हेवन्स-अबव्ह आणि स्टेलेरियम, मराठवाड्यातून वापरताना

संध्याकाळी गच्चीवर उभं राहिलं की तासाभरात चार-पाच ठिपके तरी आकाश ओलांडून जाताना दिसतात. त्यातला कोणता कोणाचा, हे सांगणारी साधनं बरीच आहेत. खरी उपयोगाची दोन: हेवन्स-अबव्ह हे संकेतस्थळ आणि स्टेलेरियम हा संगणकावरचा प्रोग्रॅम. दोन्ही फुकट आहेत, पण दोघांची कामं वेगळी. हेवन्स-अबव्ह उद्या काय दिसणार ते सांगतं, आणि काल काय दिसलं याचा निवाडा स्टेलेरियम करतो. बहुतेक जण एकाकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायला जातात आणि मग 'हे ॲप काही खरं नाही' म्हणून सोडून देतात.

आधी हेवन्स-अबव्ह. क्रिस पीट यांनी उभं केलेलं हे संकेतस्थळ दिसायला जुनाट आहे, अक्षरं बारीक, नुसती कोष्टकं. तरी अंदाजांच्या बाबतीत आमचा पहिला विश्वास याच्यावरच. खातं उघडलं नाही तरी चालतं. मात्र ठिकाण न भरता वापरलं तर अक्षांश शून्य, रेखांश शून्य धरून गणित होतं. ती जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात आहे, त्यामुळे मिळणारं कोष्टक आपल्या काहीच कामाचं नाही.

ठिकाण भरताना 'महाराष्ट्र म्हणजे मुंबई' असं करू नका. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक (पुढे नुसतं 'स्थानक') जमिनीपासून जेमतेम सव्वाचारशे किलोमीटरवरून जातं आणि मुंबई ते नांदेड हे हवाई अंतर साडेचारशे किलोमीटरहून जास्त आहे. मुंबईच्या बरोबर डोक्यावरून गेलेलं स्थानक त्याच वेळी नांदेडहून क्षितिजापासून चाळीसेक अंशांवर दिसू शकतं, आणि वेळेत मिनिटभराचा फरक पडू शकतो. संभाजीनगर आणि नांदेड यांच्यातही सव्वादोनशे किलोमीटरचं अंतर आहे. एकाच्या डोक्यावरचा पास, म्हणजे उपग्रहाची आकाशातली एक फेरी, दुसऱ्याला साठ अंशांवर दिसतो. म्हणून आपल्या जागेचे आकडे टाका. संभाजीनगर १९.८८ उत्तर, ७५.३४ पूर्व. नांदेड १९.१५, ७७.३२. लातूर १८.४०, ७६.५८. धाराशिव १८.१८, ७६.०४. परभणी १९.२७, ७६.७७. गाव यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर असेल तर याच आकड्यांवर भागतं, त्यापलीकडे असेल तर नकाशावर आपल्या शिवारात बोट ठेवा. टाइम झोन भारतीय वेळेचा आहे ना, तेही तिथेच बघून घ्या. तो जागतिक वेळेवर राहिला तर साडेपाच तासांची चूक होते. घड्याळ चोवीस तासांचं आहे, १९:०५ म्हणजे संध्याकाळचे सात वाजून पाच मिनिटं.

आता कोष्टक. स्थानकाच्या दहा दिवसांच्या यादीत तारीख, तेज आणि मग तीन बिंदू येतात: सुरुवात, सर्वांत उंच, शेवट. प्रत्येक बिंदूपुढे वेळ, उन्नतांश (क्षितिजापासूनची अंशांतली उंची) आणि दिशा. सुरुवात क्षितिजापासून दहा अंशांवर धरलेली असते, कारण त्याखाली झाडं, घरं आणि धुरळा असतो. शेवटच्या रकान्यात दहाऐवजी बेचाळीस किंवा साठ असा आकडा दिसला तर तो चुकलेला नाही. तिथे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि भर आकाशात विझतो. स्थानक तांबूस होत काही सेकंदांत मावळतं. पहाटेच्या पासला उलट होतं, पूर्वी कुठेच नसलेला ठिपका मध्येच उजळतो. ओळीवर टिचकी मारली की पासचं पूर्ण पान उघडतं. त्यात सावलीत शिरण्याची वेळ सेकंदापर्यंत दिलेली असते आणि ताऱ्यांचा नकाशाही असतो.

या नकाशापाशी नवखा माणूस हमखास अडतो. उत्तर वर आहे, पण पूर्व डावीकडे. भिंतीवरच्या नकाशाची सवय असलेल्याला तो उलटा छापलाय असं वाटतं. नकाशा डोक्यावर धरून खालून बघायचा असतो. उत्तरेची कड उत्तरेला केली की पूर्व आपोआप पूर्वेला येते. हे एकदा लक्षात आलं की संकेतस्थळाबद्दलच्या निम्म्या तक्रारी संपतात.

बाकीच्या उपग्रहांसाठी 'डेली प्रेडिक्शन्स फॉर ब्रायटर सॅटेलाइट्स' हे पान. सकाळ की संध्याकाळ ते निवडा आणि तेजाची मर्यादा ठरवा. शहरातून बघणाऱ्यांनी ३.० वर थांबावं. ४.५ निवडलं तर यादी एवढी लांबते की ओळख पटवायला घेतलेली माहितीच गोंधळ वाढवते. वाळूजच्या उजेडात साडेचार प्रतीचा ठिपका तसाही दिसत नाही. म्हैसमाळला किंवा बालाघाटच्या पठारावर अंधारात असाल तेव्हा मर्यादा वाढवा. ज्यांना प्रतीचं माप नवीन आहे त्यांच्यासाठी: आकडा लहान तितकं तेज जास्त. व्याधाचा तारा उणे दीड, शुक्र उणे चारच्या आसपास, ध्रुव दोन. नावांपुढे 'आर/बी' असेल तर ते रॉकेटचं रिकामं धड, 'डेब' असेल तर तुकडा.

तेजाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. तो उपग्रहाच्या एका ठरावीक तेजावरून, अंतर आणि सूर्याच्या कोनाचं गणित करून काढलेला असतो. उपग्रह कोणत्या बाजूने वळलाय, सौर पंख कुठे आहेत, हे त्या गणिताला ठाऊक नसतं. एका प्रतीचा फरक नेहमीचाच, कधी त्याहून जास्तही पडतो. म्हणून 'यादीत २.१ लिहिलंय आणि मला तर अंधुक दिसला' एवढ्यावरून ओळख बाद करायची नाही.

मग ओळख कशावरून ठरवायची? वाटेवरून.

मराठवाड्याचा अक्षांश साधारण अठरा ते वीसच्या दरम्यान आहे आणि त्याचा इथल्या निरीक्षकाला मोठा फायदा होतो. कक्षेचा विषुववृत्ताशी जो कल असतो त्यावरून उपग्रह आपल्या आकाशात कोणत्या तिरक्या रेषेत जाणार ते ठरतं. आंतरराष्ट्रीय स्थानकाचा कल ५१.६ अंश. आपल्याकडे ते नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातं, ठळक तिरकं. चीनच्या तियांगोंग स्थानकाचा कल ४१.५ अंश. दिशा त्याच, पण रेषा पूर्वेकडे जास्त झुकलेली. हबल दुर्बिणीचा कल फक्त २८.५ अंश, म्हणून ती इथे जवळपास सरळ पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. लंडनच्या निरीक्षकाला हबल कधीच दिसत नाही, आणि लातूर-बीडहून ती डोक्यावरून जाते. १९९० साली सोडलेली ही दुर्बीण दीड-दोन प्रतीच्या ताऱ्याएवढी, शांत, न लुकलुकता सरकते. मराठवाड्यातल्या कुणाही आकाशप्रेमीने ती एकदा तरी ओळखून बघावी असं आम्हाला मनापासून वाटतं. तिच्या संध्याकाळच्या पासांची सलग फेरी येते, मग काही आठवडे काहीच नाही, कारण कक्षेचं प्रतल हळूहळू फिरत राहतं. म्हणून हबलची यादी पंधरवड्यातून एकदा तपासायची.

उत्तर-दक्षिण जाणारे ठिपके वेगळ्या जातीचे. पृथ्वीचं निरीक्षण करणारे बहुतेक उपग्रह, आपले कार्टोसॅटसुद्धा, ध्रुवांजवळून जाणाऱ्या कक्षेत असतात. ठिपका ध्रुवाच्या बाजूने आला किंवा ध्रुवाकडे गेला तर स्थानक, तियांगोंग आणि हबल तिन्ही तिथेच बाद. सरळ पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा ठिपका दुर्मीळ. पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा घेण्यासाठी जवळजवळ सगळे देश पूर्वेकडे रॉकेट सोडतात. इस्रायल आपले ओफेक उपग्रह भूमध्य समुद्रावरून पश्चिमेकडे सोडतं, ते उलटे फिरतात. असा काही दिसला तर वेळ नक्की टिपून ठेवा.

दुसरी चाळणी वेगाची. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश, ताणलेली वीत म्हणजे वीस, करंगळीची रुंदी एक अंश. (संभाजीनगरहून ध्रुव क्षितिजापासून वीतभर वर असतो. माप बरोबर आहे का, ते त्याच्यावर तपासता येतं.) डोक्यावर असताना स्थानक सेकंदाला सुमारे एक अंश सरकतं, म्हणजे एका मुठीला दहा सेकंद. साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टारलिंकला (इंटरनेट पुरवणारा उपग्रह) मुठीला बारा-तेरा सेकंद लागतात, आठशे किलोमीटरवरच्या रॉकेटच्या धडाला अठरा-एकोणीस. हा हिशोब डोक्यावरचाच. क्षितिजाकडे सगळेच हळू वाटतात, तिथे वेग मोजून उपयोग नाही.

तिसरी चाळणी घड्याळाची. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली सरळ आणि झपाट्याने उतरतो. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने पाहण्याजोगं आकाश होतं आणि स्थानकाच्या उंचीवरचा उपग्रह सूर्यास्तानंतर सुमारे दीड तासापर्यंतच डोक्यावर उजळलेला राहतो. तेवढ्याच तासाभरात बघायचं. युरोपात उन्हाळ्यात रात्रभर उपग्रह दिसतात, हे वाचून इथे मध्यरात्री गच्चीवर बसू नये. मराठवाड्यात अगदी जूनमध्येही मध्यरात्री डोक्यावर सुमारे तीन हजार किलोमीटरपर्यंतची जागा सावलीत असते. रात्री बारा वाजता डोक्यावरून झपझप जाणारा ठिपका 'स्थानक' म्हणून कुणी सांगितला तर ते विमान होतं. विमानाला लाल-हिरवे दिवे असतात, ठरावीक तालात चमकणारा पांढरा दिवा असतो, आणि ते वळतं. ड्रोन थांबतं, उपग्रह कधीच थांबत नाही.

आता न ठरवता अचानक दिसलेल्या ठिपक्याची ओळख. इथे हेवन्स-अबव्ह तोकडं पडतं आणि स्टेलेरियम कामाला येतो. पण दोघांच्याही आधी वहीत चार गोष्टी लागतात. वेळ सेकंदासह. एखाद्या ओळखीच्या ताऱ्याजवळून गेला तो क्षण, आणि ताऱ्यापासून किती बोटं, कोणत्या बाजूला. मग दुसरा तारा, तशीच नोंद. तेज स्थिर होतं की कमी-जास्त, असेल तर दर किती सेकंदांनी. आणि विझला असेल तर कुठे. 'साडेसातच्या सुमारास, मृगाजवळून' एवढ्या नोंदीला डझनभर उमेदवार बसतात. '१९:३१:२०, रोहिणीच्या उत्तरेला दोन बोटं, मग १९:३२:०५ ला ब्रह्महृदयाला खेटून' या नोंदीला बहुधा एकच. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवर लावलेलं असलं की पुरे, मनगटावरचं नको.

स्टेलेरियम संगणकावर उतरवून घेतला की आधी एफ२ दाबून प्लगइनच्या यादीत सॅटेलाइट्स सुरू आहे का ते बघा. नसेल तर सुरू करून प्रोग्रॅम बंद-चालू करावा लागतो. एफ६ ने ठिकाण. इथे एक फसगत होते: प्रोग्रॅम ठिकाण इंटरनेटच्या जोडणीवरून स्वतःच ठरवतो, आणि जोडणी मुंबई-पुण्याहून येत असेल तर तुम्ही परभणीत बसून मुंबईचं आकाश बघत असता. नेटवर्कवरून ठिकाण घेण्याची खूण काढा, आपले आकडे भरा आणि तेच कायमचे ठेवा. आल्ट आणि झेड एकत्र दाबलं की उपग्रहांची खिडकी उघडते. त्यात कक्षांचे आकडे ताजे करून घ्या. मग एफ५ ने नोंदीतली वेळ लावा, सातचा आकडा दाबून काळ थांबवा आणि वहीतल्या पहिल्या ताऱ्याकडे वळा. पडद्यावर ठिपक्यांचा सडा दिसला तर न दिसणारे उपग्रह लपवण्याची खूण करा, सावलीतले सगळे गळून पडतात. मग कक्षारेषा चालू करून के ने काळ पुढे सोडा. दोन्ही ताऱ्यांपासून नोंदीतल्या अंतरावरून जाणारी रेषा शोधायची.

आता या सगळ्या पडताळणीतला कळीचा मुद्दा. वाट जुळली पण ठिपका वीस सेकंद आधी किंवा नंतर आला, तर तो बहुधा तोच उपग्रह असतो. वेळ जुळली पण वाट चार-पाच अंश बाजूला गेली, तर तो दुसराच. यामागचं कारण कक्षांच्या आकड्यांत आहे. हे आकडे टीएलई नावाच्या दोन ओळींत येतात, प्रत्येक ओळ ६९ अक्षरांची. टी. एस. केल्सो यांचं सेलेसट्रॅक हे संकेतस्थळ ते सगळ्यांना खुले करतं. त्यात कक्षेचं प्रतल नेमकं असतं, पण हवेचा विरळ थर उपग्रहाला किती मागे ओढेल याचा अंदाज दिवसागणिक बिघडत जातो. स्थानकाला अधूनमधून इंजिनाने वर ढकलतात, तेव्हा जुन्या ओळी एकदम शिळ्या होतात. ही चूक मुख्यतः वाटेच्या रेषेतच साचते, बाजूला फारशी सरकत नाही. म्हणून वेळेची चूक माफ करायची, वाटेची नाही. त्याच कारणाने दोन महिन्यांपूर्वीची नोंद आजच्या ओळींवर तपासू नका, ओळख चुकीची निघेल. ताज्या ओळींवर आठवडाभरातच पडताळा.

सापडलेल्या उपग्रहाचा क्रमांक लिहून ठेवावा, नाव नव्हे. नावं लांब आणि सारखी असतात, क्रमांक एकच: स्थानक २५५४४, हबल २०५८०, तियांगोंगचा मुख्य भाग ४८२७४. हाच क्रमांक हेवन्स-अबव्हमध्ये टाकला की पुढचे पास मिळतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोच ठिपका सांगितलेल्या वाटेवर आला की ओळख पक्की.

नियमाने चमकून विझणारा ठिपका दिसला तर ते बहुतेकदा गडगडत फिरणारं रॉकेटचं धड. दहा चमकांना लागलेला एकूण वेळ मोजा आणि दहाने भागा, एकेक चमक मोजण्यापेक्षा हे कितीतरी अचूक. इरिडियम या फोन-उपग्रहांच्या पहिल्या पिढीच्या त्या झगझगीत चमका आता विसरा, उणे आठ प्रतीपर्यंत जाणारे ते बहुतेक उपग्रह खाली उतरवले गेले. जुन्या लेखांत त्यांच्या वेळा बघण्याच्या सूचना सापडतात, त्यांचा आता उपयोग नाही.

स्टारलिंकच्या माळेबाबत दोन्ही साधनं थोडी कमी पडतात. २०१९ च्या मे महिन्यात पहिले साठ सोडले तेव्हापासून ही माळ गावोगावी 'हे काय गेलं' म्हणून विचारली जाते. सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत उपग्रह एकामागोमाग असतात आणि स्वतःच्या इंजिनाने कक्षा रोज बदलत असतात. त्यामुळे अंदाज काही मिनिटांनी चुकू शकतो. सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी उभं राहायचं आणि दहा मिनिटं नंतरपर्यंत थांबायचं. वाट तीच असते, तिच्यावर नजर ठेवा.

मोबाइल आकाशाकडे धरून नाव दाखवणारी ॲप्स, यात हेवन्स-अबव्हचं ॲपही आलं, आम्ही फक्त दिशा समजण्यापुरती वापरतो. फोनमधला होकायंत्राचा सेन्सर दहा-पंधरा अंश सहज चुकतो. कव्हरमधलं चुंबक, गच्चीतल्या लोखंडी सळ्या, शेजारी उभी मोटारसायकल यांनी तो आणखी बिघडतो. कव्हर काढा, मोकळ्यात जा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा आणि मग ध्रुवावर धरून बघा. नकाशातला ध्रुव आणि खरा ध्रुव जुळले तरच पुढे जा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक मराठवाड्यात एका अंशाच्या आतच आहे, त्यामुळे साधं होकायंत्र इथे बिनदुरुस्तीचं चालतं.

एक प्रसंग असा की जिथे यापैकी कशाचाच उपयोग नाही: खाली पडणारा तुकडा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आगीच्या रेघा दिसल्या आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं सापडलं. चिनी रॉकेटच्या धडाचा तो भाग होता. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. असा तुकडा संथ जातो, अर्धा-एक मिनिट दिसतो, मागे तुटलेल्या ठिणग्यांची रांग असते. हवेत शिरल्यावर टीएलईचं गणित लागूच होत नाही. म्हणून यादीत सापडलं नाही तरी वेळ, दोन्ही टोकांचे दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा) आणि उन्नतांश लिहून ठेवा. दोन तालुक्यांतून घेतलेल्या अशा दोन नोंदींवरून वाट काढता येते. जमिनीवर काही सापडलं तर हात न लावता तहसीलला कळवा.

गुण द्यायचे तर अंदाजासाठी हेवन्स-अबव्हला पाचपैकी साडेचार. अर्धा गेला तो मोबाइलवर न मावणाऱ्या कोष्टकांसाठी. ओळख पटवायला स्टेलेरियमला पाचपैकी चार. शिकायला दोन संध्याकाळी लागतात आणि ठिकाण आपोआप घेण्याची सवय त्रास देते. दुर्बीण घ्यायची तर ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री, खगोलीय दुर्बीण या कामाला नको, तिचं दृश्य फार अरुंद असतं. सुरुवात पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून. एप्रिल-मेच्या धुरळ्यात क्षितिजाकडचे वीस अंश वाया जातात, तेव्हा यादीतले चाळीस अंशांच्या वरचेच पास निवडा.